बादलीला लाथ मारण्याआधी

आदरणीय बाई,
स.न.वि.वि.

मी कागल तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा. सहा वर्षं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या एक्स्पोर्ट विभागात काम करते. ग्राहक इंग्लंड, अमेरिका आणि जर्मनीचे. कास्टिंगचं इंग्रजी मला येतं. ब्लोहोल, श्रिंकेज, मशीनिंग अलाउन्स यात कधी अडत नाही. अडतं ते बोलण्यातल्या इंग्रजीत. एकदा इंग्लंडचे साहेब फोनवर ‘आय ॲम अंडर द वेदर टुडे’ म्हणाले. मी म्हटलं, ‘हिअर ऑल्सो क्लाउडी, सर.’ अख्खं ऑफिस हसलं. मग मी एक हजार इडियम्सचं पुस्तक आणलं आणि रोज वीस पाठ करायला लागले.

गेल्या महिन्यात आमचे एक जुने मोल्डरकाका वारले. ते साहेब प्लँटवर आले होते तेव्हा काकांशी त्यांची चांगली ओळख झाली होती, म्हणून मीच कळवलं. मेलमध्ये लिहिलं, ‘ही किक्ड द बकेट.’ त्यावर आमच्या मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं, ते काही लिहीत नाही. त्याच आठवड्यात अमेरिकेच्या ग्राहकानं लिहिलं, ‘लेट्स टेबल द प्राइस रिव्हिजन.’ पुस्तकात ‘टेबल’ म्हणजे चर्चेला मांडणे. मी रात्री जागून तक्ता केला आणि मीटिंगमध्ये मांडला. त्यांना तर तो विषय बाजूला ठेवायचा होता!

आता मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती वाटते. वय ३१. किती इडियम्स यायला पाहिजेत? क्लास लावू का?

ता.क. इंग्लंडचे साहेब मेलमध्ये नेहमी ‘बाय क्लोज ऑफ प्ले’ लिहितात. मी दुपारी चारच्या आत सगळं पाठवून मोकळी होते. बरोबर आहे ना?

– एक वाचक, गोकुळ शिरगाव

*

प्रिय मुली,

तुला ‘तू’च म्हणते. माझ्या शेवटच्या बॅचेसमधल्या मुली आज तुझ्याच वयाच्या आहेत. शिवाय तुझं पत्र वाचताना मी दोनदा मोठ्यानं हसले, आणि ज्याला हसायचं त्याला अहोजाहो केलं की हसणं उगाच टोचतं.

आधी त्या मेलचं बघू. पत्रात तू तीन ओळींत आवरलंस, पण तुझ्या मनात तेच ठसठसतंय असं मला दिसतं. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. पुस्तकानं सांगितलेला अर्थ शंभर टक्के खरा आहे. आता आपल्या घरात ये. माणूस जातो त्याला आपल्याकडे शब्द किती? पेपरात ‘निधन’ होतं. घरात माणूस ‘वारतो’ किंवा नुसता ‘जातो’. जुन्या पत्रांत ‘देवाज्ञा’ होते. माळकऱ्याच्या फोटोखाली ‘वैकुंठवासी’ लिहितात. आणि ‘गचकला’, ‘खपला’, ‘आटपला’ हे कट्ट्यावरचे, तेही ज्याचं आपल्याला सोयरसुतक नाही त्याच्यासाठी. उद्या तुमच्या चौकात मोल्डरकाकांचा भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक लागला आणि फोटोखाली ठळक अक्षरांत ‘गचकले’ असं छापलं असलं तर? छापणाऱ्याला गल्ली सोडावी लागेल. तुझ्या मेलमध्ये नेमकं ते झालं. तिथं ‘पास्ड अवे’ हवं होतं, किंवा साधं ‘डाइड’. ‘डाइड’ला उगाच घाबरू नकोस, तो सरळ, सभ्य शब्द आहे.

यावर इलाज सोपा आहे आणि तो तू अजून केलेला नाहीस. साहेबांना दोन ओळींचा मेल टाक. मी चुकीचा शब्द वापरला, तो किती हलका आहे हे मला माहीत नव्हतं, काकांबद्दल मला फार आदर होता. बस. त्यात एकही इडियम नको. काकांनी तुला काही शिकवलं असेल तर तेही एका वाक्यात लिही. परकी भाषा बोलणाऱ्याकडून अशी चूक होते हे त्यांना कळतं, आणि खरं सांगायचं तर तुझा मेल वाचून त्यांना आधी धक्का बसला असेल आणि मग हसू आलं असेल.

तर दोष तुझ्या पाठांतराचा नाही, त्या दोन रकान्यांचा आहे. डावीकडे इडियम, उजवीकडे अर्थ. कोण बोलतंय, कोणाला, कुठं, हसत की गंभीरपणे, हा तिसरा रकाना पुस्तकात नसतो, आणि सगळी गंमत तिथंच असते. उलटं करून बघ. तुमचे जर्मन पाहुणे आले, जेवायला तांबडा-पांढरा झाला, आणि कुणीतरी शिकवलेलं त्यांनी म्हटलं, ‘नाद खुळा!’ खानावळ खूश, मालक बाहेर येऊन वाटीभर रस्सा वरून वाढेल. आता तेच पाहुणे एखाद्याच्या दहाव्याला गेले, जेवण चांगलं होतं म्हणून तिथंही ‘नाद खुळा’ म्हणाले. अर्थ तोच, शब्द तेच, आणि पंगतीत शांतता. शब्दकोशात बघितलं तर नाद म्हणजे आवाज नाहीतर छंद, खुळा म्हणजे वेडा. त्यातून ‘अप्रतिम’ कसं काढणार ते बिचारे? ‘विषय हार्ड’चं इंग्रजी तर मलाही जमणार नाही, आणि मी इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवला.

शब्दांची बेरीज करून ज्याचा अर्थ लागत नाही तो इडियम, म्हणजेच आपला वाक्प्रचार. आणि त्यातला एक दगडही हलवायचा नसतो. नाकी नऊ येतात, फार त्रास झाला म्हणून नाकी दहा येत नाहीत. हातावर तुरीच द्यायच्या, मूग देऊन कुणी पळाल्याचं ऐकिवात नाही. इंग्रजीतही ‘द बकेट’ची ‘अ बकेट’ केली की माणूस मरत नाही, फक्त बादली कलंडते. ‘अंडर द वेदर’मधला ‘द’ गळला की ऐकणारा अडखळतो. तेव्हा पाठ करायचंच असेल तर सगळं वाक्य पाठ कर, त्या लहान लहान शब्दांसकट. आपल्या मराठी जिभेला ‘अ’ आणि ‘द’ गिळायची फार सवय आहे.

आता तुला एक धोका सांगते. तो पुस्तकात नसतो आणि मराठी माणसाला नेमका तोच नडतो. काही इंग्रजी इडियम्स आपल्या वाक्प्रचारांसारखे दिसतात आणि अर्थ भलताच असतो. ‘आर यू पुलिंग माय लेग?’ असं कुणी विचारलं तर तो म्हणतोय, माझी फिरकी घेतोस काय. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर चाललेल्याला खाली खेचणं. एक थट्टा, दुसरी खुन्नस. विमानतळावर शेजारची बाई ‘कुड यू कीप ॲन आय ऑन माय बॅग?’ म्हणाली तर ती तुझ्यावर विश्वास टाकते आहे, जरा लक्ष ठेव म्हणते. मराठीत तू तिच्या बॅगेवर ‘डोळा ठेवलास’ तर पोलीस बोलवायची वेळ. ‘शो युअर हँड’ म्हणजे आपला बेत उघड करणं. आपल्याकडे हात दाखवतात तो ज्योतिषाला, नाहीतर भांडणात. आणि कोल्हापुरात हात दाखवतो म्हटल्यावर समोरचा ज्योतिषाचा विचार करत नाही.

शाळेच्या गाइडात जोड्या लावलेल्या असतात, त्याही पुन्हा तपासून घे. ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’पुढे हमखास ‘तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे’ छापलेलं असतं. मीही वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. पण पोळी भाजून घेणाऱ्याकडे आपण जरा संशयानं बघतो, स्वार्थी असतो तो. लोहाराच्या त्या वाक्यात स्वार्थ नाही. लोखंड लाल आहे तोवर घाव घाल, एवढंच. तुला हे भट्टीजवळ उभं राहून माझ्यापेक्षा जास्त कळेल. काही जोड्या मात्र मजेदार आहेत. ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन, इंटू द फायर’ म्हणजे आपलं आगीतून फुफाट्यात. त्यांचा माणूस तव्यातून आगीत पडतो, आपला आगीतून निघून गरम राखेत. दोघांचे हाल सारखेच. न्यूकॅसल हे इंग्लंडचं जुनं कोळशाचं बंदर, म्हणून ‘कॅरिंग कोल्स टू न्यूकॅसल’ म्हणजे जिथं ती वस्तू ढिगानं आहे तिथंच ती नेणं. याला मराठी काय, असं एकदा वर्गात विचारलं तर मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, ‘बाई, कोल्हापुरात गूळ आणून विकायचा.’ त्याला मी पैकीच्या पैकी दिले.

‘टेबल’बद्दल तर तू मुळीच वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं पुस्तक ब्रिटिश इंग्रजीचं आणि ग्राहक अमेरिकेचा, एवढाच घोळ. इंग्लंडमध्ये टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत तो पुढं ढकलणं. एकाच शब्दाचे अगदी उलटे अर्थ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची एका बैठकीत याच शब्दावरून बराच वेळ कडाक्याची वादावादी झाली. एकाला कागद टेबल करायचा होता, दुसऱ्याला नको होता, आणि शेवटी लक्षात आलं की दोघांना एकच गोष्ट हवी आहे. ही हकीकत खुद्द चर्चिल यांनी लिहून ठेवली आहे. जन्मानं इंग्रजी बोलणारे, युद्ध चालवणारे लोक जिथं फसले तिथं एक रात्र तू जागलीस, त्यात काय मोठंसं. तक्ता जपून ठेव, किंमत वाढवायची वेळ परत येईलच.

यातून तुझ्या कामाचं एक निघतं. ग्राहक कुठला आहे त्यावरून त्याचे इडियम्स ओळखायचे. अमेरिकन माणसाचं निम्मं ऑफिस बेसबॉलच्या मैदानावर असतं. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. आकडा नेमका नको, पण त्या कुंपणाच्या आत असू दे. तो असं विचारतो तेव्हा तीन दशांशांपर्यंत कोटेशन काढत बसू नकोस. ‘टच बेस’ म्हणजे जरा बोलून घेऊ. ‘रेन चेक’ म्हणजे आत्ता नको, पुन्हा कधीतरी; पावसानं सामना बंद पडला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्यासाठी चिठ्ठी मिळायची, त्यावरून आलं. म्हणजे ‘आय विल टेक अ रेन चेक’ ऐकून पावसाचं काही बोलायचं नाही हं. क्लाउडी एकदाच पुरे.

इंग्रज माणूस क्रिकेटमध्ये बोलतो, तिथं तर आपण घरचेच. ‘स्टिकी विकेट’ म्हणजे अवघड परिस्थिती. ‘नॉक्ड फॉर सिक्स’ म्हणजे बातमीनं पार हादरून जाणं. आपणही ‘गुगली टाकली’, ‘त्याची विकेट काढली’ म्हणतोच की. फुटबॉलचं एक तर तुझ्यासाठी सोन्यासारखं आहे, आणि पेठापेठांत फुटबॉल खेळणाऱ्या कोल्हापुरात ते समजावून सांगायलाही लागू नये. ‘मूव्हिंग द गोलपोस्ट्स’. सॅंपल पास झालं, पॅटर्न झाला, पहिला लॉट ओतला, आणि मग ग्राहक टॉलरन्स बदलतो. शाहू स्टेडियमवर चेंडू गोलात जाताना कुणी खांबच उचलून चार फूट सरकवले तर काय होईल? तेच. फक्त हे वाक्य मनात म्हण, ग्राहकाला लिहू नकोस. आरोप आहे तो.

आणि कुस्ती? शड्डू ठोकणं, आखाड्यात उतरणं, चितपट करणं, नुरा कुस्ती. राजर्षी शाहूंनी बांधलेल्या खासबाग मैदानाला शंभरावर वर्षं झाली, आणि आपल्या राजकारणाच्या बातम्या अजूनही त्याच तांबड्या मातीत लोळतात. इंग्रजीत ती जागा बॉक्सिंगनं घेतली आहे. ‘बिलो द बेल्ट’ म्हणजे कमरेखालचा वार, ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे हार मानणं. बॉक्सरच्या बाजूचा माणूस रिंगणात टॉवेल फेकायचा की थांबवा आता, याला पुरे झालं. अशी गोष्ट माहीत असली की इडियम डोक्यात पक्का बसतो.

पण गोष्टींपासूनही सावध राहा. मोबाइलवर इडियम्सच्या जन्मकथा फार फिरतात आणि निम्म्या बनावट असतात. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ म्हणे जिवंत पुरलेल्या माणसाच्या थडग्यावरच्या घंटेवरून आलं. नाही, तेही बॉक्सिंगचंच. मार खाता खाता फेरी संपल्याची घंटा होते आणि माणूस वाचतो. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणे गवती छपरांवरून मांजरं-कुत्री घसरून पडायची त्यावरून आलं. यालाही आधार नाही. लक्षात राहायला गोष्ट वापर, दुसऱ्याला शपथेवर सांगू नकोस.

या कुत्र्या-मांजरांचं माझं स्वतःचं एक दुखणं आहे. ऐन जुलै, पंचगंगा पात्राबाहेर, आणि एका कार्यक्रमाला इंग्लंडहून एक पाहुणे आलेले. इतकी वर्षं शिकवलेलं वापरायची संधी मी कशाला सोडते! छत्री मिटत म्हटलं, ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज!’ ते गोड हसले आणि म्हणाले, ‘माझी आजी असंच म्हणायची.’ मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची. आपल्या पुस्तकांतून असे आजीचे इडियम्स खूप असतात. चूक नाहीत, पण लुगड्याच्या घडीसारखे वास येणारे आहेत. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी जे शब्दकोश असतात त्यांत इडियमपुढे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: अनौपचारिक, जुनाट, विनोदी, ब्रिटिश, अमेरिकन. अर्थाआधी ते बारीक अक्षर वाचायची सवय लाव. ‘किक द बकेट’पुढे ते असतंच, आणि तेवढं बघितलं असतंस तर केबिनची वारी टळली असती.

मला आवडणारं एक सांगते, ऑफिसात उपयोग नसला तरी. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचित, आपलं सठीसामाशी. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला आता ब्लू मून म्हणतात. चंद्राच्या आणि सूर्याच्या हिशेबात जे उरतं, त्यातून तिकडे ती जादा पौर्णिमा निघते आणि इकडे आपला अधिक महिना. दोन्ही साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतात. २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण होता आणि त्याच ऑगस्टात दोन पौर्णिमा आल्या. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, आणि मे महिन्यात दोन पौर्णिमा. जावयाला अनारसे देणारी सासू आणि ‘ब्लू मून’ म्हणणारा साहेब एकाच आकाशाकडे बघतात, हे मला कळलं तेव्हा मी वर्गात अर्धा तास तेवढंच बोलत होते. अभ्यासक्रम राहिला.

तू घाबरू नयेस म्हणून आणखी एक. आपण इतके परके इडियम्स आधीच पचवलेत की ते परके वाटत नाहीत. लाल फीत, हिरवा कंदील, मैलाचा दगड, पांढरा हत्ती, सगळे इंग्रजीतून आलेले. आणि हिमनगाचं टोक! रंकाळ्यावर संध्याकाळी बसलेल्या एकानं तरी हिमनग बघितलाय का? पण घोटाळा उघडकीला आला की पेपरात ‘हे तर हिमनगाचं टोक’ येतंच. हे कुणी यादी करून पाठ केलं नाही. वाचलं, ऐकलं, जिथं बसतं तिथं बसवलं.

तूही तेच करायचंस. हजाराचं पुस्तक बंद करून ठेव, फेकू नकोस, अडल्यावर बघायला बरं. एक वही कर. ग्राहकाच्या मेलमध्ये किंवा मीटिंगमध्ये न कळलेलं काही आलं की ते अख्खं वाक्य उतरव. खाली लिही: कोण, कोणाला, कशावरून. मग अर्थ शोध, आणि त्या क्षणी तू मराठीत काय म्हणाली असतीस ते लिही. ‘अंडर द वेदर’पुढे ‘जरा कसंतरी वाटतंय, अंगात कसकस आहे’ असं लिहिलंस की पुन्हा कधी आभाळाकडे बघणार नाहीस. त्याला उत्तरही तिथंच लिहून ठेव: ‘सॉरी टू हिअर दॅट, होप यू फील बेटर सून.’ आठवड्याला तीन-चार वाक्यं झाली तरी खूप.

किती यायला पाहिजेत, असं विचारलंस. समजायला जितके येतील तितके. बोलायला मात्र पाच-सहा पुरतात, आणि तेही एकाच इडियमला तीन वेगळ्या माणसांकडून ऐकल्यावर वापरायला काढायचे. ‘हेड्स अप’ म्हणजे आगाऊ कल्पना देणं. ‘कीप मी इन द लूप’, मला कळवत राहा. ‘ऑन द सेम पेज’, आपलं दोघांचं म्हणणं एकच आहे ना. हे ऑफिसात कुठंही खपतात आणि कुणाचा अपमान करत नाहीत. जर्मन ग्राहकाशी बोलताना तर इडियम्स टाळच. इंग्रजी त्यांचीही परकीच भाषा आहे, तेही टेबलाखाली मोबाइलवर अर्थ शोधत असतील. साधं बोललीस तर त्यांच्यावर उपकार होतील.

न कळल्यावर अंदाजानं मान हलवणं मात्र आजपासून बंद. सरळ विचार, ‘जस्ट टू कन्फर्म, डू यू मीन वी शुड पोस्टपोन इट?’ टेबलच्या वेळी हे एक वाक्य टाकलं असतंस तर रात्रभर झोपली असतीस. याला कुणी हसत नाही. उलट ड्रॉइंग न कळता ओतकाम करणाऱ्यापेक्षा विचारून घेणारा पुरवठादार कुठल्याही ग्राहकाला आवडतो.

इडियम्सपेक्षा तुला रोज जास्त लागतील ती क्रियापदांची जोडपी. ‘लुक इंटू’ म्हणजे तपास करणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. दिसायला गरीब असतात म्हणून त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. वीसच्या जागी रोज दोन ही घे. आणि आपलं घरचं इंग्रजीही एकदा चाळून बघ. ‘आय पास्ड आउट इन २०१३’ हे आपल्याला कळतं, तिकडच्या माणसाला वाटतं तू त्या वर्षी चक्कर येऊन पडलीस. ‘प्रीपोन’ तिकडे बहुतेकांच्या कानावरून गेलेला नसतो. ‘डू द नीडफुल’ हे साहेबाच्याच जुन्या कचेरीतलं, तिकडे जवळपास गेलं, इकडे राहिलं. मोडीत काढ असं मी म्हणत नाही. बँकेला अर्ज करताना वापर, ग्राहकाला नको.

क्लास लावायचा की नाही? जिथं बोलायला लावतात असा मिळाला तर लाव, जिथं याद्या देतात तिथं पैसे घालवू नकोस. बसून बोलायला कुणी हवं असेल तर तुमच्या ऑफिसातल्या त्याच हसणाऱ्यांपैकी एखादीला पकड. दुपारच्या डब्याला पंधरा मिनिटं फक्त इंग्रजी. जी सगळ्यात जोरात हसली होती तिलाच विचार. जोरात हसणाऱ्याला बहुधा स्वतःलाही अर्थ माहीत नसतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

आता तुझा ता.क. ‘क्लोज ऑफ प्ले’ हेही क्रिकेटचंच. कसोटीत दिवसाचा खेळ संपतो ती वेळ, म्हणजे ऑफिसचं काम संपेपर्यंत. पण कुणाचं ऑफिस? मेल त्यांचा, तर दिवस बहुधा त्यांचाच. एकदा विचारून खात्री करून घे, आता विचारायचं कसं ते तुला माहीत आहे. त्यांच्याकडे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. तू सहा वर्षं दुपारी चारच्या आत धापा टाकत पाठवत होतीस, तेव्हा साहेबांची सकाळची कॉफीसुद्धा धड झालेली नसायची. पुढच्या वेळी घरी जा, जेवून घे, मग पाठव.

तुझी,
बाई